कानातले खडे

मराठीत या तक्रारीसाठी शब्दांची काही कमी नाही. घेरी येते, भोवळ येते, अंधारी येते, गरगरतं, झोक जातो, डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं... आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलं की या सगळ्याचं एकच वाक्य होतं, "डॉक्टर, चक्कर येते." डॉक्टरही केसपेपरवर तेवढंच लिहितात आणि गोळ्या देतात.

खरी गंमत अशी की हे शब्द वेगवेगळ्या आजारांकडे बोट दाखवतात. झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी रक्तदाब बघायचा. चालताना तोल जातो पण आजूबाजूचं काही फिरत नाही, तर नसा, पाय, कधीकधी मेंदू. आणि पंखा, भिंत, कपाट सगळं गरगर फिरतंय असं वाटत असेल, तर बऱ्याचदा कान. होय, कानच!

आजचा लेख गरगरण्याच्या एका खास प्रकाराबद्दल आहे. कुशीवर वळलं, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, किंवा चप्पल घालायला वाकलं की पाच-दहा सेकंदांत घर फिरायला लागतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. डोकं पुन्हा त्या स्थितीत नेईपर्यंत माणूस जवळजवळ ठणठणीत. नाव भलंमोठं आहे, बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टायगो. आपण बीपीपीव्ही म्हणू. यातला 'बिनाइन' हा शब्द ज्याने भोगलंय त्याच्यासमोर उच्चारू नये. जिवाला धोका नाही एवढाच त्याचा अर्थ.

मी डॉक्टर नाही, साधा कोड लिहिणारा माणूस. पण या आजाराचा इतिहास वाचताना मला तो वैद्यकशास्त्रापेक्षा एखाद्या जुन्या, चिवट बगच्या कहाणीसारखा वाटला. बगचं वर्णन १९२१ साली झालं, कारण सापडेपर्यंत १९७९ उजाडलं, उपाय १९८० साली मिळाला, तो छापून यायला १९९२ लागलं, आणि आमच्या मुळशी तालुक्यात माझ्या मावशीपर्यंत पोचायला त्यापुढे आणखी तीसेक वर्षं. (हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे हिंजवडीत काम करणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. तालुक्याचं गाव पौड. आपण आयटी पार्कच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असतो ते सरकारदरबारी मुळशीतच!)

तर सुरुवातीपासून. चक्कर माणसाला पूर्वीपासून माहीत आहे. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांच्या यादीत 'भ्रम' आहे. पण गरगरण्याचा आणि कानाचा संबंध आहे हे कळायला फार उशीर झाला. आपल्याला वाटतं कान म्हणजे ऐकायला. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्लुरांस नावाच्या शास्त्रज्ञाने कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धगोल नळ्या एकेक करून कापल्या. कबुतरं बहिरी होण्याऐवजी ज्या पातळीतली नळी कापली त्याच पातळीत मान झटकायला लागली. म्हणजे ऐकण्यासाठी नसलेलं काहीतरी कानात होतं. तरी पुढची चाळीसेक वर्षं डॉक्टर चक्करीच्या झटक्याला मेंदूत रक्त साचल्याचं लक्षण मानत राहिले आणि रक्त काढत राहिले. १८६१ साली प्रॉस्पर मेनिएर या पॅरिसच्याच डॉक्टरने मांडलं की बाबांनो, हे कानातून येतंय. तो मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होता, त्यामुळे कानाचे रुग्ण त्याने ढिगाने पाहिले होते. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या नावाचा आजार (मेनिएर्स) मात्र आजही आहे, पण तो वेगळा. त्यात ऐकूही कमी येतं आणि चक्कर तासन् तास टिकते. बीपीपीव्हीत तसं नाही.

मग येतो रॉबर्ट बारानी. व्हिएन्नाचा. रुग्णांचे कान पिचकारीने धुताना त्याच्या लक्षात आलं की पाणी गार असेल तर रुग्णाचे डोळे एका बाजूला झटके देतात आणि गरम असेल तर उलट्या बाजूला. डोळ्यांच्या या झटक्यांना निस्टॅग्मस म्हणतात. गरम पाणी वर चढतं, गार खाली बसतं, कानाच्या नळीतल्या द्रवाचंही तसंच होत असणार, असं त्याने ताडलं. या कामासाठी त्याला १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं तेव्हा हा गृहस्थ रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता! स्वीडनच्या राजपुत्राने मध्यस्थी केल्यावर १९१६ साली सुटका झाली. पुढे व्हिएन्नातल्या सहकाऱ्यांशी वाजलं म्हणून तो स्वीडनमधल्या उप्साला इथे गेला.

१९२१ साली त्याने एका बाईचं वर्णन लिहिलं. (त्याच साली इकडे मुळशीत सेनापती बापटांचा धरणाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाला होता. काही संबंध नाही, पण साल लक्षात ठेवायला बरं पडतं.) ती उजव्या कुशीवर झोपली की डोळे गोल फिरल्यासारखे झटके द्यायचे, भयंकर गरगरायचं, मळमळायचं, आणि साधारण अर्ध्या मिनिटात सगळं शांत. आता लगेच पुन्हा तिला उजवीकडे वळवलं तर काहीच व्हायचं नाही. काही वेळ पाठीवर किंवा डाव्या कुशीवर पडून राहिल्यावर मगच पुढचा झटका. बारानीने हे सगळं इमानदारीत नोंदवलं. तपशील एकही चुकलेला नाही, फक्त त्याचा अर्थ लागत नव्हता. बग रिपोर्ट कसा असावा याचा नमुना म्हणून मी हा लेख आमच्या टेस्टिंग टीमला दाखवणार आहे :)

पुढची गोष्ट समजायला कानाचं यंत्र थोडं माहीत हवं. फोनमध्ये दोन सेन्सर असतात. एक अ‍ॅक्सेलरोमीटर, ज्याला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. फोन आडवा केला की स्क्रीन वळते ती त्याच्यामुळे. दुसरा जायरोस्कोप, तो फिरणं मोजतो. आपल्या प्रत्येक कानातही हेच दोन आहेत. युट्रिकल नावाच्या पिशवीत एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. म्हणजे आपल्या खडूचीच जात, आकार मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. त्यांच्या वजनामुळे डोकं कुठे कललंय ते मेंदूला कळतं. हा झाला अ‍ॅक्सेलरोमीटर. आणि तीन अर्धगोल नळ्या, एकमेकींना काटकोनात, आत द्रव आणि बुडाशी जेलीसारखा एक पडदा. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो, पडदा वाकतो, मेंदूला कळतं फिरलो. हा जायरोस्कोप.

वय झालं, डोक्याला मार लागला, किंवा फार दिवस अंथरुणाला खिळून राहिलं की कधीकधी युट्रिकलमधले खडे सुटतात. आणि सुटलेले खडे नळीत जातात, बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण झोपल्यावर तीच खाली येते. म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरचं वजन जायरोस्कोपमध्ये पडलं! आता डोकं कललं की खडे गुरुत्वाकर्षणाने नळीत घसरतात, सिरिंजच्या दट्ट्यासारखे द्रव ढकलतात, पडदा वाकतो, आणि अंथरुणावर स्थिर पडलेल्या माणसाच्या मेंदूला निरोप जातो की आपण गरगर फिरतोय. मेंदू बिचारा डोळ्यांना त्याप्रमाणे हलवतो. यात मेंदूची काहीच चूक नाही, त्याला इनपुटच चुकीचं मिळतंय.

आज हे चार ओळींत सांगता येतं. पण १९२१ला कुणाला माहीत नव्हतं.

१९५२ साली लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी अशा १०० रुग्णांचा अभ्यास छापला. डिक्सबाई मुळात सर्जन. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाली, सर्जरी सोडावी लागली, आणि मग आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे बघत राहिल्या. त्यांची तपासणी अशी: रुग्णाला टेबलावर बसवायचं, मान एका बाजूला ४५ अंश वळवायची, आणि झटकन मागे झोपवायचं, असं की डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली लोंबेल. डोळे उघडे ठेवायला सांगायचं. आणि बघत राहायचं. दोन-पाच सेकंद काही होत नाही. मग बुबुळं गोल फिरत झटके द्यायला लागतात. अर्ध्या-एक मिनिटात थांबतात. पुन्हा केलं तर जोर कमी. कुठलं यंत्र लागत नाही, रक्ततपासणी नाही, एमआरआय नाही. आजही निदान याच डिक्स-हॉलपाइक तपासणीने होतं.

निदान झालं, पण कारणाचं काय? दोघांना वाटलं युट्रिकलच बिघडलंय. १९६९ साली बॉस्टनच्या हॅरॉल्ड शुकनेख्टने एक पाऊल पुढे टाकलं. या आजाराच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांचं कानाचं हाड तपासताना त्याला मागच्या नळीच्या पडद्यावर चिकटलेले कण दिसले. खडे पडद्याला चिकटतात, पडदा जड होतो, म्हणून चक्कर, असा त्याचा सिद्धांत. मोठा माणूस, सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा. सगळ्यांना पटलं.

आता मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात आवडती जागा. खडे चिकटलेले असतील तर डोकं खाली असेपर्यंत पडदा वाकलेलाच राहायला हवा. मग चक्कर अर्ध्या मिनिटात थांबते का? सुरू व्हायला दोन-पाच सेकंद का लागतात? आणि लगेच पुन्हा केलं तर जोर कमी का होतो? १९७९ साली कॅनडातल्या हॉल, रूबी आणि मॅक्लुअर यांनी हे कोडं सोडवलं. खडे चिकटलेले नाहीत, नळीत मोकळे आहेत. हलायला वेळ लागतो म्हणून सुरुवातीला उशीर. तळाशी पोचले की हलायचं थांबतात म्हणून चक्कर थांबते. आणि दोन-तीनदा इकडेतिकडे केलं की विखुरतात म्हणून जोर कमी. बारानीच्या त्या बाईला थोडं पडून राहावं का लागायचं? विखुरलेले खडे परत एके ठिकाणी गोळा व्हायला. ५८ वर्षं जुन्या रिपोर्टमधली ओळ न् ओळ जुळली. नवीन यंत्र नाही, नवीन औषध नाही. फक्त टाइमिंगवरून काढलेला निष्कर्ष. मी हे रात्री दीड वाजता वाचलं आणि रूममेटला उठवून सांगितलं. त्याची प्रतिक्रिया इथे छापण्यासारखी नाही.

आणि एकदा खडे मोकळे आहेत म्हटलं की उपाय समोरच आहे. जिथून आले तिथे परत घालवा. नळी गोल आहे, एक तोंड युट्रिकलमध्ये उघडतं, तर डोकं टप्प्याटप्प्याने असं फिरवायचं की खडे घरंगळत परत पिशवीत पडतील. आपण लहानपणी ते प्लास्टिकच्या डबीतलं छऱ्यांचं कोडं खेळायचो ना, डबी तिरकी करून छरे भोकात पाडायचे, अगदी तेच.

हे करून दाखवलं अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या जॉन एपलीने. प्लास्टिकच्या नळ्यांचं मॉडेल करून, खडे कसे घरंगळतील ते बघून त्याने क्रम बसवला. उजव्या कानाचं असेल तर मान उजवीकडे वळवून मागे झोपवायचं, थांबायचं. मग डोकं डावीकडे ९० अंश, थांबायचं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबायचं. मग उठवून बसवायचं. पाच मिनिटं. वर तो कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर लावायचा, खडे सुटावेत म्हणून. १९८० साली त्याने परिषदेत हे मांडलं तेव्हा लोक उठून गेले म्हणतात. ते व्हायब्रेटरवालं तर विनोदाचाच विषय झालं. नियतकालिकांनी निबंध परत पाठवले. लक्षात घ्या, तोवर या आजारावर काय चाललं होतं? १९७४पासून मागच्या नळीची नस कापायची शस्त्रक्रिया होत होती. कानात शिरून, ऐकू येणं जायची जोखीम घेऊन. म्हणजे नस कापणं हे गंभीर शास्त्र, आणि डोकं फिरवणं हा पोरखेळ! फ्रान्समध्ये सेमाँ नावाचा फिजिओथेरपिस्ट साधारण त्याच काळात आपली वेगळी पद्धत वापरत होता, तिचा निबंध १९८८चा.

एपलीचा निबंध अखेर १९९२ साली छापून आला. त्याच साली कॅनडाच्या पार्न्स आणि मॅक्लुअर यांनी शस्त्रक्रियेत नळी उघडली तेव्हा आत तरंगणारे कण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. वाद संपायला हवा होता. पण नव्वदच्या दशकातच एपलीच्या उपचारपद्धतींबद्दल राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार झाली, आणि काही वर्षं ती त्याच्या मानगुटीवर राहिली. २००१ साली तो त्यातून सुटला. २०१९ साली वारला. आता जगभरच्या दवाखान्यांत डॉक्टर एकमेकांना सहज विचारतात, "एपली केलं का?"

आपल्याकडे या विषयाला वाहून घेतलेले लोक नव्हते असं मुळीच नाही. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने (पुढे २०१४ साली पद्मश्री) आणि सहकाऱ्यांचा डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या डोळ्यांच्या हालचालींच्या आलेखांवरचा निबंध १९८२ साली परदेशी नियतकालिकात आला होता. म्हणजे ज्ञान मुंबईपर्यंत होतं. ताम्हिणीच्या अलीकडे पोचत नव्हतं, एवढंच.

माझी मावशी पौडच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या गावात राहते. आंबेमोहोराची दोन एकर खाचरं. एका पहाटे उजव्या कुशीवर वळली आणि घर फिरलं. पुढची अडीच वर्षं काय झालं ते थोडक्यात सांगतो. पहिल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली. दुसऱ्यांनी चक्करीची गोळी दिली, ती घेऊन ती दिवसभर पेंगायची. तिसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढला, मणके झिजलेत म्हणाले, गळ्यात पट्टा घातला. साठीच्या बाईच्या मानेचा एक्स-रे काढला तर मणके झिजलेले दिसणारच हो! झिजलेले आहेत आणि त्यामुळे चक्कर येते, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आणि साधी गोष्ट बघा, अंथरुणात कुशीवर वळताना मान फारशी वळतच नाही, अख्खं अंग वळतं. तरी गरगरतं. मग मानेचा काय संबंध? शेजारणींनी बाहेरचं असेल म्हणून लिंबू उतरवला ते वेगळंच. पट्ट्याइतकाच उपयोग झाला.

ती भिंतीला टेकून बसून झोपायला लागली. लावणीला वाकणं बंद. पहिल्या वर्षी खाचरं वाट्याने दिली. दुसऱ्या वर्षी वाटेकरी मिळाला नाही, पडीक राहिली. मुळशीत पडीक जमीन दिसली की एजंट कसे घिरट्या घालतात ते वेगळं सांगायला नको. मावसभावाने पुण्याच्या एका पार्टीशी बोलणी चालू केली होती. "आईच्याने आता होत नाही," हे त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पुण्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिला घेऊन गेलो. बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, चक्कर म्हणजे नक्की काय होतं? डोळ्यांपुढे अंधार येतो, की घर फिरतं?"

"घर फिरतं. भिंगरीसारखं."

"कधी?"

"उजवीकडं वळलं की."

बाईंनी फाइल बाजूला ठेवली. पट्टा काढला. "काकू, घाबरायचं नाही, पण डोळे मिटायचे नाहीत." आणि झटकन मागे झोपवलं. मी समोरच उभा होतो. एक, दोन, तीन... आणि मावशीची बुबुळं गोल फिरायला लागली. तिने माझा हात असा धरला की बोटं पांढरी पडली. बाई शांतपणे सेकंद मोजत होत्या. मग डोकं डावीकडे, मग कुशीवर, मग उठून बसली. थोड्या वेळाने परत झोपवून पाहिलं. काही नाही. बुबुळं जागच्या जागी.

"झालं?" मावशीने विचारलं. "गोळी नाही?"

"गोळी नाही."

येताना गाडीत चांदणी चौकापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "अरे, एवढंच होतं तर आधीच्यांनी का नाही केलं?" मला उत्तर देता आलं नाही. बारानी, शुकनेख्ट वगैरे तिला काय सांगणार! पट्टा तिने आणखी महिनाभर खुंटीला ठेवला होता, असू दे म्हणून. त्या आषाढात लावणीला स्वतः उतरली. जमिनीची बोलणी मागे पडली. कायमची की काय ते माहीत नाही, भाव अजून वाढलेत.

असो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि सुधारून २०१७ साली सूचना काढल्या आहेत. त्यात स्पष्ट आहे की बीपीपीव्हीसाठी चक्करीच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत आणि उगाच स्कॅन काढू नयेत. गोळीने मळमळ कमी होईल, पण खडे गोळीने जागचे हलत नाहीत. हे खडे पुन्हाही सुटतात, बऱ्याच जणांना काही वर्षांत परत त्रास होतो. मावशीला एकदा झाला, दीड वर्षाने. या वेळी ती आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेली. कोरियातल्या एका मोठ्या चाचणीत (२०२०) ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण जवळपास चौथाईने घटलं होतं. दिवसभर एसीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून ठेवावं.

आणि एक कळकळीचं. हे वाचून घरच्या घरी व्हिडिओ बघून कुणाचं डोकं लोंबवू नका. कान उजवा की डावा, नळी मागची की आडवी, यावर पद्धत बदलते, आणि मानेचा खरोखरच त्रास असलेल्यांना जपून हाताळावं लागतं. एकदा निदान झालं की डॉक्टर घरी करायचे व्यायाम शिकवतात. पण चक्करीबरोबर बोलताना जीभ अडखळतेय, एकाचे दोन दिसतायत, हातपाय लुळे पडतायत, आधाराशिवाय उभंच राहता येत नाही किंवा अचानक ऐकू यायचं बंद झालंय, तर ते खडे नव्हेत. तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा डिक्स नाही, एपली नाही, थेट मोठं हॉस्पिटल, आणि तेही त्याच तासात.